मर्यादा आणि अभिविधी

माझ्या हातून आजवर पुष्कळ चुका झाल्या असतील. परंतु त्यांपैकी दोन मला वारंवार आठवतात. पहिली एका यंत्राने दाखविली, आणि ती मी त्याच रात्री दुरुस्त केली. दुसरी एका विद्यार्थिनीने दाखविली, आणि ती पुरती दुरुस्त झाली असे म्हणण्याचा धीर मला अजूनही होत नाही. दोन्ही चुका एकाच कामातल्या, एकाच हाताच्या आणि जवळजवळ एकाच आठवड्यातल्या. पहिलीने मला रात्रभर छळले. दुसरीने मला अगदी शांत झोपू दिले. दुसरी अधिक वाईट होती ती बहुधा त्यामुळेच.

आमच्या महाविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांना शुल्कासाठी साहाय्य करणारा एक लहानसा निधी आहे. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपर्यंत आहे, ज्यांचे शुल्क थकलेले आहे आणि ज्यांना त्या वर्षी दुसरीकडून मदत मिळालेली नाही, अशांची यादी दरवर्षी करावयाची असते. 2022 सालच्या पावसाळ्यात निधीच्या समितीने हे काम माझ्यावर सोपविले. मी गणिताचा अध्यापक. संगणकाला कामाला जुंपण्याचा नाद मला प्रौढ वयात लागला. आणि प्रौढ वयात लागलेला नाद हा निवृत्तीनंतर कविता करू लागलेल्या मामलेदाराच्या नादासारखा असतो. गुण बेताचे, पण उत्साह अमर्याद!

अडचण अशी होती, की लागणारी माहिती तीन ठिकाणी विखुरलेली होती. प्रवेशाच्या नोंदी एका डेटाबेसात, शुल्काच्या पावत्या दुसऱ्या डेटाबेसात, आणि उत्पन्नाच्या दाखल्यांची नोंद कार्यालयातील एका जुनाट प्रोग्रॅमच्या फायलीत. या फायलीचा साचा जगावेगळा होता. परंतु आमचे हेडक्लार्क ती पंधरा वर्षे निष्ठेने भरीत आले होते. “सर, काय हवे ते करा, पण ही फाइल तेवढी हलवू नका,” असे ते मला हात जोडून म्हणाले. पंधरा वर्षांच्या निष्ठेपुढे माणसाने वाद घालू नये. फाइल जागच्या जागी ठेवावी आणि तिच्याशी बोलण्यासाठी मध्ये एक दुभाषा बसवावा, असे मी ठरविले.

असे दुभाषे बसविण्याची सोय करणारे कॅल्साइट नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ज्यूलियन हाइड यांनी ते सुरू केले आणि 2014 साली ते अपाची प्रतिष्ठानाच्या छत्राखाली आले. त्याचे वैशिष्ट्य असे, की ते स्वतःजवळ एकही नोंद साठवून ठेवीत नाही. नोंदी ज्याच्या त्याच्या घरी राहतात. कॅल्साइट फक्त प्रश्न समजून घेते, तो कोणाला किती विचारावा याची आखणी करते आणि आलेली उत्तरे जुळवून देते. प्रत्येक घरासाठी जो दुभाषा लागतो त्याला ॲडॅप्टर म्हणतात. प्रचलित डेटाबेसांचे दुभाषे तयार मिळतात. आमच्या हेडक्लार्कांच्या फायलीचा दुभाषा अर्थातच मलाच घडवावा लागला.

आता ही आखणी म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळावयाची नाही. एडगर कॉड यांनी 1970 साली असा विचार मांडला, की माहिती साध्या कोष्टकांच्या रूपाने ठेवावी आणि विचारणाऱ्याने आपल्याला काय हवे एवढेच सांगावे. ते कोणत्या वाटेने आणावे याची उठाठेव त्याने करू नये. घरातली आजी नातवाला “माळ्यावरचा पाटा आण” एवढेच सांगते. शिडी कोठून घ्यावी आणि पाय कोठे ठेवावा हे तो पाहून घेतो. संगणकात हे पाहून घेणारा जो कोणी असतो त्याचे नाव प्लॅनर. त्याचे काम दिसते तितके सोपे नाही. पाच कोष्टके एकामागून एक जोडावयाची तर त्यांचे क्रम 120 होतात. दहा कोष्टके असली तर 36,28,800! आय.बी.एम.च्या सिस्टिम आर या प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांचे सहकारी यांनी 1979 साली दाखवून दिले, की प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजाने मांडून त्यांतली स्वस्त वाट यंत्राला निवडता येते. पुढे 1993 साली ग्योत्झ ग्रेफ व विल्यम मॅकेना यांनी व्होल्कॅनो नावाची पद्धत प्रसिद्ध केली, आणि कॅल्साइटचा मुख्य प्लॅनर त्याच वळणाचा आहे. त्याचे सारे शहाणपण नियमांत असते. “अमुक आकृतीच्या जागी तमुक आकृती ठेवली तरी उत्तर बदलणार नाही,” असे प्रत्येक नियम सांगतो. आम्ही शाळेत बीजगणिताची समीकरणे सोडवीत असू, तेव्हा दोन्ही बाजूंना तेच मिळवावे किंवा त्यानेच गुणावे, असे जे नियम असत त्यांचेच हे भावंड. नियम म्हणजे समानतेची शपथ.

या शपथेचे गांभीर्य मला तेव्हा कळले नव्हते. मी दुभाषा लिहिला, प्रश्न विचारला, आणि यंत्राने मला सपशेल नकार दिला. त्याच्या निरोपाचा मथितार्थ असा : हव्या त्या गुणांचा टप्पा निर्माण करण्यास पुरेसे नियम नाहीत, आणि खाली पुस्ती अशी, की खर्च अद्याप अनंत आहे. गणिताच्या अध्यापकाला ‘अनंत’ या शब्दाचे कौतुक असते, परंतु रात्री अकरा वाजता, तेही स्वतःच्याच प्रोग्रॅमकडून ऐकावयाला मिळाला म्हणजे ते कौतुक राहत नाही.

प्रथम मी सर्वांनी करावे तेच केले. म्हणजे कोठेही काहीही बदलून पाहिले. तासाभराने लक्षात आले, की हे दुखणाइताला दिसेल ती पुडी चारण्यासारखे आहे. मग रीतसर सुरुवात केली. प्रश्नातील सर्व अटी काढून टाकल्या, सर्व जोडण्या काढून टाकल्या आणि एवढेच विचारले, की माझ्या फायलीतल्या सगळ्या नोंदी दाखव. तरीही तोच नकार. ही मोठीच प्रगती होती! दोष जोडणीत नाही, अटीत नाही, पहिल्याच पावलात आहे, हे आता नक्की झाले.

कॅल्साइटच्या आराखड्यातील प्रत्येक टप्प्यावर, तो कोण पार पाडणार, याचा एक शिक्का असतो. ज्यावर कोणाचाच शिक्का नाही असा टप्पा म्हणजे नुसता विचार. तो कोणी करणारच नाही, म्हणून त्याचा खर्च अनंत धरतात. माझ्या फायलीच्या वाचनावर मी माझ्या दुभाष्याचा शिक्का मारला होता. उलट, अखेरचे उत्तर एकामागून एक ओळी हातात देणाऱ्या, कॅल्साइटच्या स्वतःच्या शिक्क्याचे हवे होते. या दोन शिक्क्यांमधला पूल बांधणारा एक नियम लागतो. तो नियम मी लिहिला होता. परंतु प्लॅनरच्या दप्तरी त्याची नोंद करावयाला विसरलो होतो. माझ्या दुभाष्याला परकी भाषा येत होती, आपली भाषाही येत होती. एकीतून दुसरीत बोलण्याची परवानगी तेवढी त्याला कोणी दिलेली नव्हती. एक ओळ लिहिली, आणि पहाटे तीनच्या सुमारास फायलीतल्या नोंदी पडद्यावर भराभर उतरू लागल्या.

त्या पहाटे त्या नकाराविषयी मला आदर वाटला. तुझा प्रश्न चुकला आहे, असे ते यंत्र म्हणाले नव्हते. याला उत्तरच नाही, असेही म्हणाले नव्हते. तुझ्या प्रश्नापासून उत्तरापर्यंत जाण्याइतके तू मला शिकविलेले नाहीस, एवढेच त्याने सांगितले. उत्तरपत्रिका तपासताना मी किती कोऱ्या पानांवर शून्य लिहिले असेल. त्यांपैकी काही पानांचा अर्थ नेमका हाच असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी काम चालले, पण रखडत. त्याचे कारण सापडावयाला फार वेळ लागला नाही. एखाद्या कोष्टकात किती ओळी आहेत हे दुभाष्याने सांगितले नाही, तर प्लॅनर त्या 100 धरतो. माझ्या फायलीत पंधरा वर्षांच्या हजारो नोंदी होत्या. प्लॅनरने मात्र तिला चतकोर वही समजून ती सबंध स्मरणात भरून घेतली होती. मी खरी संख्या सांगितली, त्याने क्रम बदलला, आणि खोळंबा संपला. येथेही दोष माझ्या न सांगण्याचा होता; परंतु तो केवळ वेळेवर भागला. उत्तर सावकाश आले, तरी खरे आले.

यानंतर मला हुशारी सुचली. माझा दुभाषा फायलीतील सर्व नोंदी बाहेर काढीत असे आणि उत्पन्नाची अट प्लॅनरच्या माणसांनी नंतर लावावयाची असे. अंगणात पोते ओतून मग धान्य चाळण्यासारखाच हा प्रकार! चाळणी कोठारातच बसविली तर? त्यासाठी मी आणखी एक नियम लिहिला. उत्पन्नाची अट दिसली, की ती दुभाष्याच्या हाती द्यावी. तो फाइल वाचतानाच ती लावील. असा नियम लागू झाला म्हणजे प्लॅनर आपल्या कामांतून ती अट खोडून टाकतो, आणि पुन्हा कोणीही ती तपासून पाहत नाही. का पाहावी? मी शपथ घेतलेली असते. यादी आता काही क्षणांत तयार झाली. मी ती छापली, समितीपुढे ठेवली आणि सूचनाफलकावर लावविली. त्या रात्री मी शांत झोपलो.

तीन आठवड्यांनी एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, कधी प्रश्न न विचारणारी.

“सर, यादीत माझे नाव नाही.”

“अटीत बसत नसेल. यादी संगणकाने केली आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी ज्या सहजतेने उच्चारले, ती सहजता आजही माझ्या कानांना टोचते.

तिने पिशवीतून घडी केलेला दाखला काढून टेबलावर ठेवला. त्यावर तहसीलदारांच्या सहीने उत्पन्न लिहिले होते : रुपये 1,00,000.

“सर, नियमात ‘एक लाखापर्यंत’ असे आहे. पर्यंत म्हणजे लाख धरून, की लाख सोडून?”

“धरूनच की,” मी म्हणालो, आणि माझ्याच तोंडून निघालेला शब्द ऐकून थांबलो. “तू दाखला ठेवून जा. मी पाहतो.”

त्या रात्री मी प्रथम प्लॅनरला त्याचा आराखडा दाखवावयाला सांगितले. आराखडा निर्दोष होता. उत्पन्न एक लाखाहून कमी किंवा एक लाखाइतके, अशी अट त्यात स्पष्ट लिहिलेली होती, आणि ती कोठारातल्या चाळणीकडे सोपविलेली होती. क्षणभर मला दिलासा वाटला, आणि त्याच क्षणी त्या दिलाशाची लाजही वाटली. कारण ती मुलगी तर यादीत नव्हतीच! मग एक साधी गोष्ट सुचली, ती आधीच सुचावयास हवी होती. नियम म्हणजे जर समानतेची शपथ, तर एखादा नियम काढून घेतल्याने उत्तर सावकाश येईल, पण बदलता कामा नये. मी माझा चाळणीचा नियम प्लॅनरच्या दप्तरातून काढून टाकला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. यादीत पाच नावे जास्त आली.

पाचही जणांचे उत्पन्न बरोबर एक लाख होते. यात नवल नाही. आमच्या मुलांच्या दाखल्यांवरचे आकडे पुष्कळदा असे गोलच असतात. दोष दुभाष्याच्या पोटात होता. ‘कमी’ आणि ‘कमी किंवा तितकेच’ या दोन वेगळ्या खुणा मी एकाच ओळीत गुंडाळल्या होत्या, आणि दोन्हींचा अर्थ ‘कमी’ असाच लावला होता. प्लॅनरने अट अचूक सांगितली; मी ती अचूक पाळतो म्हणून सांगितले, आणि पाळली नाही. त्याच्याजवळ माझे खोटे ओळखण्याचे काहीही साधन नव्हते. नियम अपुरे असताना त्याने पाऊल उचलले नव्हते. नियम खोटा असताना मात्र तो निमूटपणे चालत गेला. अज्ञान तो ओळखतो, अप्रामाणिकपणा ओळखीत नाही. आणि माझा हा अप्रामाणिकपणा हेतुपूर्वक नव्हता, एवढ्याने तो कमी ठरत नाही. जे केले याची खात्री नाही ते केले म्हणून सांगणे यालाही दुसरे नाव नाही.

गंमत अशी, की हा भेद मला कोणी प्रथमच शिकवावा असा नव्हता. लहानपणी वडिलांनी माझ्याकडून थोडे संस्कृत व्याकरण करून घेतले होते. पाणिनीने ‘आ’ या अव्ययाचे दोन अर्थ वेगळे केले आहेत, मर्यादा आणि अभिविधी. सीमा सांगितली, पण ती वगळावयाची, तर ती मर्यादा. सीमेलाही आत घ्यावयाचे, तर तो अभिविधी. आबालवृद्ध म्हणतो तेव्हा आपण बालांना आणि वृद्धांना धरून म्हणतो. जुन्या टीकाकारांचे एक उदाहरण वडील नेहमी देत : पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला. “आता सांग,” ते विचारीत, “पाटलिपुत्र भिजले की कोरडे राहिले?” मी दोन्ही उत्तरे घडाघडा देत असे, आणि मला शाबासकी मिळत असे. तेव्हा तो केवळ शब्दांचा खेळ वाटे. त्या नगरात कोणी राहत असेल, आणि पाऊस वेशीवरच थांबला तर त्याचे शेत वाळेल, हे माझ्या मनातही आले नाही. मराठीतला ‘पर्यंत’ हा शब्द असाच दुटप्पी आहे. ‘लाखाच्या आत’ म्हटले तर लाख बाहेर, आणि ‘लाखापर्यंत’ म्हटले तर बोलणाऱ्याच्या मनावर. निधीच्या संस्थापकांच्या मनात कोणता अर्थ होता, याविषयी समितीत कधीही शंका नव्हती. शंका नव्हती म्हणूनच कोणी ती तपासली नाही.

दुसऱ्या दिवशी मी समितीपुढे सर्व हकीकत सांगितली. सभासद सज्जन होते. एक जण समजुतीने म्हणाले, “अहो, संगणकाची चूक झाली, त्यात तुमचा काय दोष?” मला ती सहानुभूती स्वीकारता आली नाही, कारण त्या सबंध प्रकरणात संगणक हा एकच असा होता, की ज्याने आपले काम चोख केले. निधीतील रक्कम वाटून झाली होती. पुढच्या हप्त्यातून त्या पाच जणांना मदत द्यावी असे ठरले. त्या मुलीने दरम्यान मामाकडून उसने पैसे घेऊन शुल्क भरले होते. वर विलंबाचा दंडही भरला होता. मदत मिळाल्याचे सांगावयाला ती आली तेव्हा मी तिला म्हणालो, “तू विचारलेस म्हणून कळले.” ती म्हणाली, “सर, मी दोन आठवडे विचारू की नको असेच करीत होते. यादी संगणकाची म्हटल्यावर आपलेच काही चुकले असेल असे वाटले.”

दुभाषा दुरुस्त झाला. तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. लिहिलेला प्रत्येक नियम ठेवून आणि काढून, असे दोनदा उत्तर घेतो, आणि दोन्ही उत्तरे ओळीओळीने ताडून पाहतो. चाचणीसाठी घेतलेल्या नोंदींत बरोबर सीमेवर उभी असलेली एक तरी नोंद मुद्दाम ठेवतो. यंत्राच्या नकाराने आता मी चिडत नाही. उलट सर्व काही विनातक्रार चालले, की जरा अस्वस्थ होतो. आणि यादीच्या तळाशी ‘संगणकाने तयार केलेली’ असे न छापता माझे नाव छापतो, म्हणजे कोणाला विचारावयाचे हे मागच्या बाकावरल्या मुलांनाही कळावे.

पाचांपैकी चौघांना मदत पोचली. पाचवा मुलगा त्या सत्राअखेर महाविद्यालय सोडून गेला होता. पैशांपायी गेला, की दुसऱ्या कशापायी, हे कार्यालयात कोणालाच सांगता आले नाही. त्याच्या गावच्या पत्त्यावर मी दोन पत्रे पाठविली. उत्तर आले नाही. हेडक्लार्कांच्या फायलीत त्याची नोंद अजून आहे, आणि नवा नियम तपासण्यासाठी मला सीमेवरची एक नोंद लागते तेव्हा मी तीच घेतो. प्रश्न विचारला, की दर वेळी त्याचे नाव यादीत बरोबर येते.